इस्त्रीच्या पुढे चालणारा हात

उजवा हात इस्त्री धरतो, आणि ते साऱ्या जगाला दिसते. डावा हात तिच्या चार बोटे पुढे चालतो. तो कापड ताणतो, शिवण सरळ करतो, सुरकुतीच्या पाठीवरून मायेने फिरतो, आणि मगच मागून ती तापलेली राणी दिमाखात येते. कौतुक राणीचे होते. वाट करून देणाऱ्याचे नाव कुणी विचारीत नाही, आणि तोही ते सांगत बसत नाही. सेवेचे रूप असेच असते.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात काकांचा असा हात निम्मे आयुष्य चालला, आणि एका सकाळी दाढी करता करता गळून पडला. मेंदूतल्या एका बारीक वाहिनीत रक्ताची गुठळी अडकली, एवढेच निमित्त. देवाने पुढे पुष्कळ परत दिले. वाचा आली, पाय आला, जिभेचा तिखटपणा तर होता त्याहून जास्त आला. डावा हात मात्र कोपरात वाकून, मूठ मिटून छातीशी बिलगून राहिला, भ्यालेले मूल आईला बिलगते तसा.

मग टेबलाशी काकू उभ्या राहिल्या. त्यांच्यावाचून होते तरी कोण? तोवर त्यांचे काम दारोदार हिंडून गाठोडी आणण्याचे, कॉलरच्या आत दोऱ्याची खूण घालण्याचे, आणि घड्या घरोघर पोहोचवण्याचे. पहिल्याच दिवशी एका सदऱ्याच्या पाठीवर त्यांनी इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटवला. काका दारातून म्हणाले, "छान! त्याला म्हणावं, आता उन्हाळ्यातसुद्धा कोट घालूनच हिंड."

पण हात शिकतात. काकूंचे हात शिकले, आणि हातांमागून मन शिकले. चुरगळलेले, रुसलेले कापड पुढ्यात यावे, त्यावर पाण्याचा शिडकावा व्हावा, वाफेचा एक उसासा निघावा, आणि ते कापड शांत होऊन निजावे! काकूंना वाटे, देवा, तू आमचेही असेच करीत असशील ना रे? जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या दारात उभे राहून "कपडे आहेत का?" असे विचारले होते. आता लोक त्यांच्या दारात येऊन उभे राहत. "रेशमी आहे, काकूंच्याच हातात द्या," असे म्हणत. काकूंच्या छातीत तेव्हा काहीतरी उजळून जाई. काका तेही ऐकत, आणि भिंतीकडे पाहत.

अशात रुग्णालयातल्या थेरपीच्या ताईंनी एक बाही दिली. दिसायला साधी, कोपरापासून मनगटापर्यंत येणारी, काळ्या कापडाची. आतून चिकट पट्ट्या, बाहेरून काड्यापेटीएवढे यंत्र. काकांना वाटले, विजेने हात चालवायचा. ताई म्हणाल्या, "नाही काका. आधी तुम्ही हात उघडायचा प्रयत्न करायचा. स्नायू जरासा जरी जागा झाला तरी यंत्राला ते कळतं, आणि मग ते विजेचा हलका झटका देऊन मदतीला येतं. तुम्ही प्रयत्नच केला नाहीत, तर तेही गप्प बसेल."

"म्हणजे हे माझ्यासारखंच आहे," काकू म्हणाल्या. "यांनी हाक मारल्याशिवाय हलत नाही."

ऐका, केवढी गोष्ट आहे ही! मनाने म्हणावे आणि देहाने ऐकावे, एवढा चमत्कार आपण दिवसभर करतो आणि त्याला चमत्कार म्हणतही नाही. काकांनी कपाळाला आठ्या घालून जोर लावला. मूठ थरथरली. यंत्र जागे झाले. आणि एक एक बोट उलगडत तळहात उघडला. काका लहान मुलासारखे रडले. काकूही रडल्या. पण त्या रडण्यात, पायात बारीक काटा सलावा तसा, एक विचार सलला: हा हात उघडला, की माझे टेबल गेले.

ताईंनी काकांच्या हातावर पेनाने एक वर्तुळ काढून दिले होते. पट्टी बरोबर त्यावरच बसायला हवी. करंगळीच्या बाजूला सरकली, तर बोटे उघडत नाहीत, मनगट नुसते वाकडे होते. रोज सकाळी बाही चढवणे काकूंकडे होते. वर्तुळ पुसट झाले की तेही त्याच गिरवीत. कितीतरी दिवस त्यांनी ते इमानाने केले, आणि काकांचा हात रोज थोडा जास्त उघडत गेला.

मग एके दिवशी काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी उभा राहतो बघ टेबलाशी. तू सुटलीस एकदाची."

दुसऱ्या सकाळी काकूंच्या बोटांनी पट्टी करंगळीकडे सरकवली. फार नाही, दोन बोटे. मनगट वाकडे झाले, मूठ तशीच राहिली. "आज थकलाय," काका म्हणाले. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. काकू देवापुढे हात जोडत, पण डोळे वर उचलत नसत. काकांचा जोर हळूहळू कमी झाला. पुढे पुढे तर ते बाही चढवून नुसतेच बसत, आणि यंत्रही गप्प बसे.

तपासणीच्या दिवशी ताईंनी बाही उलगडली, आणि त्या थबकल्या. "वर्तुळ इथं, आणि पट्टीचा डाग तिथं कसा?"

काकांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "माझ्याकडूनच सरकली असेल. झोपेत मी फार वळवळतो."

"बाही तर सकाळी चढवता ना?"

आपल्यासाठी खोटे बोलणारा तो नवरा पाहून काकूंना राहवेना. "मी सरकवली," त्या म्हणाल्या. "मुद्दाम सरकवली. हात बरा झाला, की मला परत गाठोडी आणायला दारोदार जावं लागेल म्हणून."

ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो कुणीच घेतला नाही.

काका आपल्या मुठीकडे पाहत म्हणाले, "मला वाटलं, हात मेला. मी त्याची आशाच सोडून दिली होती गं."

रागाने बोलले असते, तर काकूंनी ते सोसले असते. हे सोसवेना. त्या खाली बसल्या आणि त्या मिटलेल्या मुठीवर त्यांनी कपाळ टेकले.

"विचारायचंस तरी," काका म्हणाले.

"विचारलं असतं, तर दिलं असतं टेबल?"

काकांनी विचार केला. माणूस खरा होता. "नसतं दिलं," ते म्हणाले.

ताईंना हसू आवरेना. मग त्यांनी नवे वर्तुळ काढले, पट्टी त्यावर बसवली आणि बजावले, "या हाताला अजून गरम-थंड कळत नाही. त्यामुळे इस्त्री धरायची नाही. कापड सरळ करायला हरकत नाही, पण आधी हात उचलायचा, मगच इस्त्री पुढे यायची."

दुसऱ्या सकाळी काकांनी हात पुढे केला. काकूंनी दोनदा पाहून पट्टी वर्तुळावर बसवली. मग काका उठले आणि टेबलाच्या डाव्या अंगाला, काकूंच्या अगदी शेजारी, जाऊन उभे राहिले.

"इथं कुठं? आपण दोघं मावणार नाही."

"तू जरा सरक. मी काही टेबल सोडलेलं नाही."

"मीही नाही सोडणार."

"मग रोज भांडावं लागेल."

"भांडू की," काकू म्हणाल्या. आजारपणापासून या माणसाशी त्या मोकळेपणाने भांडल्याच नव्हत्या.

पुढ्यात कुणाचा तरी पांढरा सदरा पसरला होता. काकांनी मूठ त्यावर ठेवली, श्वास रोखला, जोर लावला. यंत्र जागे झाले. बोटे उलगडली, आणि तळहात सुरकुतीवरून सरकू लागला, तिरका, अडखळत, गोगलगायीच्या चालीने.

बाहेरून गिऱ्हाईक ओरडले, "काकू, झाला का माझा सदरा?"

"अहो, उचला आता हात," काकू कुजबुजल्या.

"उचलतोय ना! त्याला सांग, थांब म्हणावं."

"थांबा हो जरा!" काकूंनी बाहेर ओरडून सांगितले. तापलेली इस्त्री त्यांनी वर उचलून धरली, आणि त्या हाताची वाट पाहत उभ्या राहिल्या.