यमुनाताई आणि गोडाऊनची फिरती किल्ली

यमुनाताई साळवे यांना मी प्रथम भेटलो तो त्यांची मुलाखत घेण्यासाठी. ती मुलाखत आजतागायत झालेली नाही.

शिक्रापूरला खताच्या एका जुन्या गोडाऊनमध्ये कोणी निवृत्त नर्सबाई समाजकेंद्र चालवतात, एवढेच कानावर आले होते. तालुक्याचा वार्ताहर या नात्याने मी शिरूरहून निघालो, हायवेवरच्या ट्रकांमागे यथासांग धूळ खाल्ली आणि गोडाऊनच्या दारात उभा राहिलो. आत एक ठेंगण्या बाई लांबलचक सतरंजीचे एक टोक धरून उभ्या होत्या. "संचालिका कुठे भेटतील?" असे मी शक्य तितक्या शुद्ध उच्चारांत विचारले. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"भेटतील की. आधी ते दुसरं टोक धरा."

सतरंजी झटकून झाली. मग खुर्च्या लावून झाल्या. मग माठ भरून झाला. घाम पुसत मी पुन्हा प्रश्न केला, तेव्हा उत्तर मिळाले, "इथं संचालक-बिंचालक कुणी न्हाई. ह्या आठवड्याला किल्ली सुतारांच्या सुनेकडं हाय, तिला इचारा." सुतारांच्या सूनबाई कोपऱ्यात शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता ताईंकडे बोट दाखवले. असा माझा तळ्यात-मळ्यात प्रवास बराच वेळ चालला. बातमीत मी अखेर 'संचालिका' असेच छापले आणि त्याबद्दल ताईंनी मला अजून क्षमा केलेली नाही.

यमुनाताईंची नोकरीतली बरीच वर्षे मांडवगण फराट्याच्या परिसरात गेली. वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून त्यांनी बाळंतपणे केली, लसी टोचल्या आणि औषध न घेणाऱ्या माणसांना यथेच्छ झापले. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे शिक्रापूरला राहायला आल्या. मुलगा कारखान्यात, सूनही नोकरीत. ताईंनी शांतपणे नातवंडे खेळवावीत अशी घरच्यांची अपेक्षा होती. ताई आठवडाभर शांत राहिल्या. मग शेजारच्या चाळीत एक ओली बाळंतीण तापाने फणफणून एकटीच पडलेली त्यांना आढळली. नवरा शिफ्टला गेलेला, आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला तिचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. बाळंतीण बरी झाली. ताईंच्या मनातून मात्र ती भिंत गेली नाही.

त्या थेट निवृत्तीआप्पांच्या मळ्यावर गेल्या. आप्पा म्हणजे गावचे माजी सरपंच, मोठे बागायतदार. त्यांचे खताचे गोडाऊन रिकामे पडून होते. "काय करनार तिथं?" आप्पांनी विचारले. "मानसं एकमेकाला वळखतील असं कायतरी," ताई म्हणाल्या. आप्पांनी थोडा विचार केला. "वळखून काय भांडनंच करत्याल. पर न्या. उंदरं तरी कमी व्हतील."

अशा उदात्त संकल्पनेवर या संस्थेची स्थापना झाली. दारावरच्या फलकावर संस्थेचे नाव चांगले भारदस्त आहे. ते मीच सुचवले होते. त्यात दोन समास आहेत आणि ते कोणीही उच्चारत नाही. सगळे 'गोडाऊन'च म्हणतात.

सकाळी इथे शिवणवर्ग भरतो. दुपारी ज्येष्ठ नागरिकांची आरोग्यविषयक चर्चा असते, जी प्रत्यक्षात राजकारणावर असते आणि आरोग्याला अपायकारक ठरते. संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांसाठी मराठीचा वर्ग. भीमजयंतीची बैठक आणि गणेशमंडळाची बैठक एकाच सतरंजीवर होते. त्या सतरंजीने ऐकले तितके दोन्ही बाजूंचे वाद आम्हां वार्ताहरांनीही ऐकलेले नाहीत. मराठीचा वर्ग काही दिवस माझ्याकडे होता. मी उत्साहाने आठही विभक्ती शिकवायला घेतल्या. ताई मागे बसून ऐकत होत्या. वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, लई ग्वाड शिकवता. पर उद्या त्यांना आधी 'माझी सुट्टी का कापली' एवढं इचारायला शिकवा." दुसऱ्या दिवशी अभ्यासक्रम बदलला आणि वर्गाची हजेरी वाढली.

ताईंच्या प्रेमाचा प्रकारही असाच. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या शिरूरला आमच्या घरी येऊन राहिल्या. आईचा हात धरून व्यायाम करून घेत आणि तो चुकवला की माझ्यावर ओरडत. आईवर ओरडण्याचा प्रघात नव्हता. आई उठून बसू लागली, चार पावले चालली, आणि पहिल्यांदा स्पष्ट बोलली ते हे वाक्य : "यमुनाबाईंना जाऊ देऊ नको." पोटच्या मुलाचा उल्लेख पुढे यथावकाश आला.

आता किल्लीविषयी. गोडाऊनला एकच कुलूप आणि एकच किल्ली. दर सोमवारी संध्याकाळी ती घर बदलते. ज्याच्या घरी किल्ली, त्या घराने आठवडाभर दार उघडायचे, झाडायचे, पाणी भरायचे आणि शेवटचा माणूस गेल्यावर बंद करायचे. त्या आठवड्यापुरता त्या घराचा शब्द अखेरचा. किल्ली विहारामागच्या आळीतून निघते, आप्पांच्या मळ्यावर जाते, तिथून सुतारांकडे, तिथून शाळेतल्या बाईंकडे, आणि पाळी आली म्हणजेच ताईंकडे. दुसरी किल्ली का करून ठेवत नाही, असे मी एकदा व्यवहारज्ञानाने विचारले. ताई म्हणाल्या, "दुसरी क्येली की पहिलीवाल्याला वाटतं, आपल्यावाचून अडत न्हाई. आन् मग खरंच अडत न्हाई." तत्त्वज्ञान म्हणून हे निर्दोष आहे. व्यवस्थापन म्हणून ते किती धोक्याचे, हे काही वर्षांपूर्वी एका रविवारी सिद्ध झाले.

झाले असे. मराठीच्या वर्गातला रामसेवक नावाचा वेल्डर पत्नीसह चाळीत राहत असे. गोडाऊनमधले पंखे, खुर्च्या, शिवणयंत्रे, मोडेल ते तो दुरुस्त करी. ताईंनी एका बैठकीत सुचवले की यापुढे चाळीतल्या बिऱ्हाडांनाही किल्लीची पाळी असावी आणि सुरुवात रामसेवकपासून करावी. आप्पा खाकरले.

"ताई, पंखं दुरुस्त करू द्या, मराठी शिकू द्या. पर किल्ली? भाड्याची मानसं ही. आज हायती, उद्या न्हाईत. किल्ली घिऊन ग्येला गावाकडं, तर कुठं हुडकायचं?"

"आप्पा, आपलं म्हनायचं आन् किल्ली द्यायची न्हाई, ह्ये कसलं आपलं म्हननं?"

गोडाऊन आप्पांचे, त्यामुळे पूर्वपक्ष भक्कम होता. ताईंनी युक्तिवाद वाढवला नाही. एक आठवडा देऊन बघू, काही बिघडले तर पुन्हा चाळीचा विषय काढणार नाही, एवढे वचन मात्र दिले. रामसेवकने किल्ली दोन्ही हातांनी घेतली. त्या आठवड्यात गोडाऊन इतके चकचकीत झाले की दुपारच्या चर्चेकऱ्यांना आत थुंकायची सोय उरली नाही.

रविवारी ज्येष्ठांच्या डोळ्यांची तपासणी होती. शिरूरहून डॉक्टर आले, मी बातमीसाठी आलो, आजूबाजूच्या वाड्यांवरून म्हातारी माणसे आली. दाराला कुलूप. चाळीतल्या खोलीलाही कुलूप. शेजाऱ्याने सांगितले, बाप अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि नवरा-बायको पहाटेच दौंडला गाडी धरायला गेले.

आप्पांनी फक्त सगळ्यांकडे पाहिले, आणि ते बोलण्याहून वाईट होते.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. रामसेवक दौंडच्या फलाटावरून बोलत होता आणि रडत होता.

"ताईजी, चाभी मेरी जेब में रह गई. मैं वापस आता हूँ."

"गाडी कब है?"

"आने ही वाली है."

"तो वापस मत आव. पहले बाप को देखो. चाभी वहाँ किसी अच्छे आदमी को दो."

"यहाँ मैं किसको जानता हूँ, ताईजी?"

"देखो. मिल जाएगा."

दौंड जंक्शनच्या गर्दीत, गाडी येण्याच्या आत, एक चांगला माणूस शोधायचा. प्राचीन काळी ऋषी असल्या कामासाठी तप करीत.

इकडे समोरच्या वर्कशॉपमधून कोणीतरी कटर आणला. "तोडा," आप्पा म्हणाले. "मानसं उन्हात उभी हायती." ताई दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"आप्पा, गोडाऊन तुमचं हाय. कुलूप तुमचं न्हाई. ह्या आठवड्याला कुलूप रामसेवकचं हाय."

"आन् त्यो कुठं हाय?"

"बापापाशी चाललाय. तुम्ही काय क्येलं असतं?"

कटरवाल्याने बटण दाबले नाही. ताईंनी डॉक्टरांकडे वळून विचारले, "तुमचा तो अक्षरांचा तक्ता कुठंबी टांगता येतो का?"

रस्त्याकडेला एक ट्रक उभा होता. तक्ता त्याच्या मागच्या फळीला टांगला गेला. आप्पांच्या घरून बसायला बाजा आल्या, हॉटेलवाल्याने बाकडी दिली, आणि शिबिर कडुलिंबाखाली सुरू झाले. ट्रकचा चालक ढाब्यावरून जेवून आला तो आपल्या गाडीमागे ही रांग पाहून चक्रावला. त्याला माल पोहोचवायचा होता. ताई म्हणाल्या, "पहले तुम देखो." त्याने एक डोळा झाकला आणि तिसऱ्या ओळीला हात टेकले. सगळी रांग नकळत रस्त्यापासून दोन पावले मागे सरकली. चष्म्याचा नंबर हातात पडेपर्यंत ताईंनी त्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि तोवर शिबिरही आटोपत आले.

दुपारी धोतर-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ एसटीतून उतरले आणि "सिस्टर कुठं हायती?" असे विचारत आले. मांडवगणचे होते. लेकीला गाडीत बसवायला दौंडला गेले होते. गाडी हलल्यावरही हे फलाटावर हात हलवत राहिले, ते पलीकडच्या फलाटावरून रामसेवकने पाहिले, आणि हाच चांगला माणूस असे ठरवून धावत जाऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. 'शिक्रापूर, गोडाऊन, यमुनाताई' एवढे ऐकल्यावर ते किल्ली कोणाच्या हाती न देता, गाड्या बदलत स्वतः आले.

"सिस्टर, जिला आज गाडीत बशिवलं, ती पोरगी तुमच्याच हातावर जलमली."

एवढा योगायोग कथेत आला असता तर मी लेखकाला नावे ठेवली असती. परंतु त्या भागात ताईंच्या हातावर न जन्मलेला माणूस सापडणेच अधिक कठीण, हे लक्षात घेता हा योगायोग फारसा नव्हे.

ताईंनी किल्ली घेतली आणि तशीच आप्पांपुढे धरली. "रामसेवक येईस्तवर त्याचा आठवडा तुम्ही सांभाळा."

आप्पा घुटमळले. मग त्यांनी किल्ली घेतली. त्या सोमवारी किल्लीने घर बदलले नाही. माजी सरपंच रोज सकाळी गोडाऊनचे दार उघडत, झाडत आणि पाणी भरत. कोणी थट्टा केलीच तर म्हणत, "माझं न्हाई बाबा, त्या रामसेवकाचं काम हाय."

रामसेवकचा बाप वाचला. रामसेवक परतला, पण गोडाऊनकडे फिरकेना; कामावरून सुटला की मान खाली घालून लांबच्या रस्त्याने खोलीवर जाई. ताई त्याला बोलवायला गेल्या नाहीत. मला ते जरा कठोर वाटले आणि मी तसे म्हणालोही. ताई म्हणाल्या, "मी न्हाई जायाचं. ज्यानी न्हाई म्हनलं, त्यानी जायाचं."

आणि आप्पा गेले. चाळीत, सगळ्यांदेखत. रामसेवकच्या बायकोने घाईने खाट झटकली. आप्पा बसले, चहा प्याले, बापाची चौकशी केली, गावाकडच्या पाऊसपाण्याची केली, आणि उठताना किल्ली खाटेवर ठेवून म्हणाले, "तुझा आठवडा ऱ्हायलाय. माझी कंबर ग्येली, आता तू बघ."

यमुनाताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. शाल-श्रीफळाला त्यांचा विरोध होता. तो आम्ही मोडून काढला. सत्काराच्या दिवशी स्वागताचे भाषण रामसेवकने मराठीतून करावे, अशी सूचना आप्पांनी मांडली आणि कोणाला दुसरे नाव सुचवायचे धाडस झाले नाही. लांब भाषणांना ताईंची मनाई आहे, म्हणून आयुरारोग्याच्या माझ्या संग्रहातल्या सगळ्या संस्कृत शुभेच्छा मी मनातच म्हणतो. इतरांचा रक्तदाब मोजणाऱ्या ताईंनी अधूनमधून स्वतःचाही मोजावा, एवढी एकच प्राकृतात विनंती.

परवा ताईंच्या या गौरव अंकाच्या कामासाठी गोडाऊनवर गेलो होतो. चाळींची संख्या वाढली आहे. नवी बिऱ्हाडे येतच आहेत. आप्पा ताईंशी हुज्जत घालत होते.

"ताई, ह्या नव्या लोकास्नी पाळी कवा देनार? इचारत्यात मला."

"अवो आप्पा, एवढ्या घरांची पाळी फिरून माझ्याकडं यायची म्हंजी मी किती जगायचं?"

"जगा की," आप्पा म्हणाले. "कोन नगं म्हनतंय?"