पहिल्या बटेचा मान

आमच्या घरासमोर राहणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांइतका 'नाही' या शब्दाला पारखा झालेला मनुष्य अख्ख्या कळंब तालुक्यात दुसरा नसावा. कुणी शाळेत दोन शब्द बोलायला बोलावले, हो. कुणी लग्नात पंगत वाढायला उभे राहा म्हटले, हो. एकाच मंगळवारी सकाळी दहा वाजता तीन वेगवेगळ्या गावांत जनावरे तपासायला येतो असे त्यांनी कबूल केल्याचे मी स्वतः ऐकले आहे, आणि आश्चर्य म्हणजे ते तिन्ही गावांत पोहोचलेही. तिन्ही ठिकाणी उशिरा पोहोचले, एवढेच. त्यांचे लग्नसुद्धा या स्वभावातूनच जमले, असे ते सांगतात. शेळीपालनाच्या एका प्रशिक्षणासाठी ते मंगोलियाला गेले होते. तिथे लोकर पारखणाऱ्या एका मुलीने त्यांच्यापुढे मीठ घातलेल्या दुधाच्या चहाचा वाडगा ठेवला आणि आवडला का म्हणून विचारले. डॉक्टर हो म्हणाले. तिने दुसरा भरला. "सर, असे पाच वाडगे झाले. सहाव्याला तिनं लग्नाचं विचारलं. तोवर जिभेला वळण पडलं होतं," असे माझ्यासारख्या जुन्या मास्तराला सांगून ते नेहमी सूनबाईंकडे चोरून पाहतात, आणि सूनबाई नेहमी न ऐकल्यासारखे करतात.

सूनबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. डॉक्टरांच्या मातोश्रींना सारी गल्ली आक्का म्हणते, आणि आक्का त्यांना सूनबाई म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. त्या आल्या तेव्हा आक्कांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जमलेल्या बायकांना एवढेच सांगितले, "शेळ्या बघाय धाडला, आन् सून घिऊन आला. बरं झालं. शेळ्या आपल्याकडं हायतच की." त्यांना दोन मुले: या गोष्टीच्या वेळी थोरली मुलगी पाच वर्षांची होती, आणि धाकट्या मुलाचे तिसरे वर्ष भरत आले होते. सूनबाई आठवड्यातले चार दिवस ढोकीकडच्या बायकांना लोकर थापून आसने करायला शिकवायला जात. त्या चार दिवसांत मुलांचे सर्वस्व म्हणजे डॉक्टर. थोरली स्कूटरवर पुढे उभी, धाकटा पाठीला लुगड्याने बांधलेला, आणि दोघांच्या मधोमध कधी औषधांची पेटी, कधी एखादे आजारी करडू, असा त्यांचा परिवार मोंढ्यातून निघाला की धान्याची पोती उतरवणारे हमालही क्षणभर थांबून वाट देत.

पशुवैद्यकाने मुले वाढवली म्हणजे काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत यायला हवे होते. करडे टांगून वजन करायचा काटा डॉक्टर लिंबाच्या फांदीला अडकवीत, त्याला कापडाची झोळी बांधीत आणि दोन्ही अपत्यांचे वजन करीत. नोंद होई ती करडांच्याच छापील वहीत. तीत 'शेरा' असा एक रकाना होता. धाकट्याच्या नावापुढे 'चपळ. कळपात मिसळतो' असे लिहिलेले मी वाचले आहे. थोरली उलट उत्तरे देऊ लागली त्या आठवड्यात तिच्यापुढे 'शिंगे फुटू लागली आहेत' अशी नोंद होती. मुले भराभर जेवू लागली की डॉक्टर "रवंथ, रवंथ!" म्हणून बजावीत. ताप आला तर आधी कान हाताने चाचपीत, मग हिरड्यांचा रंग पाहत, आणि मगच ओशाळून माणसांच्या डॉक्टरकडे निघत.

या मुलांच्या वाट्याला कुठलीही गोष्ट एकदाच अशी आली नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा, कारण डॉक्टरांचा दोन्ही घरांना होकार. सकाळी आक्कांचा गुळाचा चहा, तासाभराने मिठाचा. आक्कांनी तो चाखून निकाल दिला होता, "ह्यो चहा न्हाय, पातळ आमटी हाय." पण जेवताना भाकरी त्यात कुस्करून त्या खात असत, हेही नमूद करायला हवे. पाडव्याला गुढी होई आणि मंगोलियाच्या नववर्षाला मुले नवे कपडे घालून सगळ्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या घरी जात. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे आली, तेव्हा मी गोंधळून त्यांना तिळगूळ दिला.

एक प्रसंग माझ्यापुरता बिकट होता. तिकडची मुले शेळ्यामेंढ्यांच्या घोट्याच्या हाडांनी खेळतात. हाड फेकायचे आणि वर आलेली बाजू मेंढी, शेळी, उंट की घोडा ते ओळखायचे. डॉक्टरांनी मटणाच्या दुकानातल्या चाचांना सांगून तशी चाळीसएक हाडे जमवली, उकळली, घासली आणि रंगवली. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या अंडेदेखील आलेले नाही. एका दुपारी तांबड्या रंगाचे एक हाड उडत येऊन माझ्या बेलाच्या झाडाखाली पडले. मी ते चिमट्याने उचलावे की काय या विचारात असताना डॉक्टर धावत आले. हात जोडून म्हणाले, "सर, चुकी झाली." मागून थोरली ओरडली, "सर, हात लावू नका! आधी सांगा, उंट हाय का घोडा?" मी चष्मा काढून पुसला, खाली वाकलो आणि म्हणालो, "उंट असावा." तेव्हापासून त्या खेळाचा पंच मी.

अशा माणसाचा होकार एके दिवशी त्याच्याच गळ्यात अडकणार, हे उघड होते. तो अडकला जावळापाशी. धाकट्याचे जावळ तिसऱ्या वर्षी तुळजापूरला काढीन, आणि पहिली बट आपल्या हाताने देवीला वाहीन, असा आक्कांचा नवस होता. डॉक्टर हो म्हणाले. आता योगायोग असा, की मंगोलियातही मुलाचे पहिले केस तिसऱ्या वर्षी कापतात. निळ्या रेशमी वस्त्रात बांधलेली कात्री हातोहात फिरते, आलेला प्रत्येक पाहुणा एकेक बट कापतो, आणि पहिली बट घरातल्या सर्वांत मानाच्या माणसाने कापायची असते. सूनबाईंच्या आईने नातवाला फोनच्या काचेतच पाहिले होते. माळरानावर जनावरे राखणारी ती बाई. ती एकदाच काय ते मागती झाली: येईन तेव्हा पहिली बट माझी. डॉक्टर तिलाही हो म्हणाले. आणि या दोन होकारांची गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली. "सर, तुम्ही पुस्तकांत राहिलेली माणसं. काहीतरी तोड असेलच की." पुस्तकांत राहिलेल्या माणसाने चार दिवस विचार करून सांगितले, की पुढे काही सुचेल.

मार्गशीर्षात त्या आजी आल्या. सगळे कळंब कानटोप्या घालून बसले होते, तेव्हा त्या ओसरीवर पंखा लावून बसल्या. नातवाला त्यांनी प्रथम जवळ घेतले आणि मुका न घेता त्याची टाळू खोल श्वास घेऊन हुंगली, कितीतरी वेळ. आक्का चौकटीतून पाहत होत्या. "शेळी करडाला हुंगती तसं," त्या मला हळूच म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण त्याच दुपारी आजींनी पेटीतून कात्री काढली, तिचे निळे वस्त्र उलगडून ठेवले, आणि आक्कांचा चेहरा बदलला. "ही कात्री कशापाय, रं?" त्यांनी लेकाला विचारले. लेक म्हणाला, "हो." प्रश्न काय होता, ते त्याने ऐकलेच नव्हते. पुढचे दोन दिवस आक्कांनी मिठाच्या चहाला हात लावला नाही. आजी मुकाट्याने कात्रीला धार लावीत राहिल्या.

तुळजापूरला जायला तीन दिवस उरले असताना डॉक्टर धाकट्याला कडेवर घेऊन माझ्याकडे आले. ढोकीची एक बाई पोट फुगलेली काळी शेळी घेऊन दवाखान्यात आली होती. दोन दिवस शेळीने काडी चघळली नव्हती. डॉक्टरांनी औषध पाजले, पोट चोळले. धाकटा पोत्यावर बसून खेळत होता, कमरेपर्यंत केस मोकळे. आणि शेळीने मान लांबवून कानावरची एक भरघोस बट कचकन तोडली आणि चावायला लागली.

"सर, पहिल्यांदा मी आनंदानं ओरडलो, की खायला लागली!" डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "मग दिसलं, काय खाती ते."

मी मुलाचे केस बाजूला करून पाहिले. कानावर चार बोटे रुंद खुंट उभे होते. या वेळी तोड डॉक्टरांनाच सुचली. पुढचे तीन दिवस पहाटे सगळे उठण्याआधी ते स्वतः मुलाची घट्ट वेणी घालीत आणि खुंट तीत दडवीत. सूनबाईंना नवल वाटले, पण नवऱ्याने हौसेने काही करावे याचे त्यांना नवल वाटून वाटून आता फारसे उरलेले नसावे.

तुळजापुरात देवळाजवळच्या एका लॉजच्या ओसरीवर आम्ही जमलो. मलाही आग्रहाने नेले होते. पाट मांडला, नारळ ठेवला. एका बाजूला आक्का हळदकुंकवाचे ताट घेऊन, दुसऱ्या बाजूला आजी निळ्या वस्त्रावर कात्री घेऊन. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. न्हाव्याने वेणी सोडली, केस विंचरले आणि हात थांबवला.

"सायब, हे जावळ आधीच कुणीतरी काढलंया की."

आक्कांनी आजींच्या कात्रीकडे पाहिले. आजींनी आक्कांच्या हाताकडे पाहिले. दोघींच्या नजरेत एकच संशय होता, आणि तो क्षणभर तसाच राहिला असता तर या घरातले काहीतरी कायमचे तुटले असते, असे मला आजही वाटते. सूनबाई वळून डॉक्टरांकडे पाहू लागल्या. आणि डॉक्टर, ज्यांनी जन्मात कुणाला नकार दिला नव्हता, ते उठून उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. मग तोच शब्द आजींच्या भाषेत. "आक्का, तू नाही कापलंस. यांनीपण नाही. मी दोघींना हो म्हणालो होतो, दोघींना पहिली बट देतो म्हणून. खोटं नव्हतं बोललो, भ्यालो होतो. आणि पहिली बट शेळीनं खाल्ली."

दोन्ही भाषांत सांगून होईपर्यंत बराच वेळ गेला. आक्का खालच्या आवाजात म्हणाल्या, "शेळीनं?"

"व्हय."

"कुणाची?"

"ढोकीच्या बाईची. पोट फुगलेलं."

"जगली का?"

त्याच वेळी आजींनीही काहीतरी विचारले. सूनबाईंच्या ओठांच्या कडा हलू लागल्या. "आईपण तेच विचारते," त्या म्हणाल्या. "जगली का?"

"जगली की," डॉक्टर म्हणाले. "त्या घासापासून चरायला लागली."

आक्का हसायला लागल्या. आधी पदरात, मग पदर सोडून. आजींना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. सारे आयुष्य जनावरांमागे काढलेल्या त्या दोघी बायका, शेळी जगली एवढ्या एका बातमीने, एकमेकींकडे प्रथमच सरळ पाहत होत्या. "मंग गेली म्हनायची बट सत्कारणी," आक्का म्हणाल्या. मग लेकाकडे वळून, "आरं, जावळाला मांडी मामाची लागती. मामा तिकडं जनावरं राखतोय ना? मंग त्याच्या जागी ह्यांनीच बसावं. सांग त्यास्नी."

आजी पाटावर बसल्या, नातू त्यांच्या मांडीवर. आक्कांनी एक बट बोटांत धरली, आजींनी कात्री चालवली. केस निळ्या वस्त्रात पडले, आणि त्यांतले थोडे आक्कांनी देवीसाठी वेगळे काढून पदराला बांधले. त्यांनी ते मोजून मापून काढले नाहीत, चिमटीत आले तेवढे घेतले. मग कात्री सूनबाईंकडे गेली, थोरलीकडे गेली, आणि शेवटी डॉक्टरांनी ती माझ्यापुढे धरली. "सर, आलेल्या प्रत्येकानं कापायची असती. तुम्ही घरचे." मी चष्मा काढून पुसला, कात्री उघडली, आणि न्हाव्याने मुलाचा कान झाकून धरला.

गेल्या महिन्यात डॉक्टर बायकामुलांना घेऊन वर्षभरासाठी मंगोलियाला गेले. धाकट्याने त्या आजीजवळही एकदा हिवाळा काढावा, असे त्या म्हणाल्या होत्या, आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला नको. गुडघे धड नाहीत म्हणून आक्का मागे राहिल्या. जीप निघताना त्यांनी चौघांच्या हातावर दही ठेवले. मग जीप वळणाआड गेल्यावर, आजींनी शिकवून ठेवल्याप्रमाणे, वाटीतले दूध पळीने त्या वाटेवर शिंपडले, चारही दिशांना. दूध त्याच काळ्या शेळीचे होते. जावळानंतर आक्कांनी ती ढोकीच्या बाईकडून हट्टाने मागून आणली होती. तिच्या पोटात आमच्या घरचं काहीतरी हाय, असे त्यांचे म्हणणे.

लिंबाच्या फांदीला काट्याची दोरी अजून लोंबते. सकाळी शेळीला पाला घालायचे काम आता माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी जाता जाता विचारले, आणि मीही, कोण जाणे कसा, विचार न करता हो म्हणालो. मी वाकलो की ती मान लांबवून माझे डोके हुंगते. तिथे तिला घेण्याजोगे वीस वर्षांपूर्वीच काही उरले नव्हते. तरी ती थोडा वेळ तिथेच थांबते, आणि आताशा मीही लगेच उठत नाही.