पिच भेगाळलं तवा
वाळल्या मातीवर पाणी मारल्याचा वास आला, की दौंडचं रेल्वेचं मैदान आठवतं. तिथं आमचं मालक क्रिकेटचं पिच बनवायचं. त्या उन्हाळ्यात रेल्वेच्या सायबानं मैदानाचं पाणी त्याच्या बंगल्याच्या बागेला वळवलं, आन् पिच भेगाळलं. मॅचमधी सायेब बॅटिंगला असताना बॉल भेगंवरनं उसळला, त्याचंच दात पडलं, त्याची टीम बी हरली. "मुद्दाम केलंस व्हय रं?" म्हणत त्यानं स्टंप उपटून मालकांचा हात मोडला. मी आडवी गेले. "सायेब, पाणी तुमच्या गुलाबांनी पिलं!" तवा दुसरा फटका माझ्या पाठीत बसला. मालकांची नोकरी जाऊ नये म्हून दुसऱ्या दिवशी रोलर मीच ओढला. आता टीव्हीवर परदेशी टीम हरली, की पिचला नावं ठेवत्यात. मी नातवाला इचारते, "पिच बनवणाऱ्याचं हात धड हायेत का रं?"