बातमीत न घातलेलं

मी चार दिवस बेळगावला बहिणीकडे गेले होते, तेवढ्यात नवऱ्याने माझा जुना कॉम्प्युटर दान करून टाकला. शुक्रवारी संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती, तर म्हणतो कसा, "तुझ्याच संस्थेला दिला बरं का, दुसऱ्या कुणाला नाही." चेहऱ्यावर असा आनंद, जणू माझ्यासाठी इरकल साडी आणली होती.

मी विचारलं, कधी दिला? गुरुवारी. स्वतः रिक्षात घालून हुबळीला नेऊन दिला म्हणे. कुणाच्या हातात? तर त्या तुमच्या अक्का आहेत ना, त्यांच्याच. मी पिशवी तशीच हातात धरून उभी राहिले. नवऱ्याने विचारलं, आत काही महत्त्वाचं होतं का? मी म्हटलं, छे, काय असणार, आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

आमची संस्था म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. हुबळीत गोकुळ रोडवर एका बंद पडलेल्या वर्कशॉपची शेड आहे, मालकाने फुकट वापरायला दिलेली. (का दिली, ते मला अजून कळलेलं नाही.) ऑफिसं, दवाखाने, वकील आपले जुने कॉम्प्युटर तिथे आणून टाकतात. आम्ही सात-आठ निवृत्त माणसं ते उघडतो, धूळ काढतो, एका मशीनचा चांगला भाग दुसऱ्याला लावतो आणि जी मशीनं चालू होतील ती खेड्यातल्या शाळांना नि वसतिगृहांना देतो. हे सगळं सुरू केलं आमच्या सरांनी, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे ते. मला तर स्क्रूड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा तेही कळत नाही. मी धारवाडला मराठी शाळेत शिक्षिका होते, म्हणून बातमीपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर महिन्याला दोन पानं. कुठून मशीनं आली, कुठल्या शाळेत गेली, नवीन कोण आलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मराठी मी लिहायची आणि सर त्याचं कन्नड करायचे.

आता बातमीपत्रात सगळंच घालता येत नाही. चार माणसं एकत्र आली की बातमीत न बसणारं बरंच काही दिसत असतं, आणि मला ते जरा जास्तच दिसतं. माझी आई म्हणायची, हिला देवळात प्रसाद दिला तरी ही आधी विचारेल, का दिला? स्वभावाला औषध नाही. तर ते सगळं मी घरच्या कॉम्प्युटरवर वेगळं लिहून ठेवायची. त्या फाइलला नाव दिलं होतं "बातमीत न घातलेलं". सरांनी चांगला कीबोर्ड जुन्यांच्या ढिगात का ठेवला. बँकेतले निवृत्त मॅनेजर हल्ली मोठीच पिशवी घेऊन का येतात. मुलीने मला नवा लॅपटॉप घेऊन दिला तेव्हा बातमीपत्रं सगळी त्यात हलवली, पण ही फाइल मुद्दाम जुन्यातच ठेवली. मुलगी माझ्या लॅपटॉपमध्ये कधी काय उघडून बघेल, नेम नाही.

त्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त होतं ते अक्कांबद्दल.

अक्का धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होत्या, वीसेक वर्षं बोर्डांवर वायरी जोडत. मूळच्या कन्नड, पण मराठी चांगली बोलतात. आमच्यात हाताने खरं काम येणाऱ्या त्या एकट्याच. म्हणून मशीन आलं की आतली डिस्क पुसायचं काम त्यांच्याकडे. आमचा पहिला नियम हाच: देणाऱ्याचं आतलं काही उघडायचं नाही, वाचायचं नाही, पूर्ण पुसून टाकायचं. लोक विश्वासाने देतात. कुणाची बिलं, कुणाच्या केसेस, कुणाच्या घरातली पत्रं. एकदा जरी काही बाहेर फुटलं तरी दुसऱ्या दिवसापासून आम्हाला कुणी माऊससुद्धा देणार नाही.

तर झालं असं होतं की एका वकिलांचं मशीन आमच्याकडे आलं, आणि पुढच्याच आठवड्यात चहा पिताना अक्का सहज म्हणाल्या, त्या वकिलांच्या मुलीचं लग्न मोडलं म्हणे, बिचारी. झालं. हिला कसं कळलं? मी त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवलं. पुढच्या मीटिंगमध्ये मी हट्टच धरला की प्रत्येक मशीनच्या चिठ्ठीवर दोन सह्या हव्यात, एक पुसणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. बोलताना बघत होते अक्कांकडे. वर म्हणालेही, कर नाही त्याला डर कशाला. अक्कांनी नुसती मान हलवली. सरांनी तपासायचं काम माझ्यावरच टाकलं आणि एक पेनड्राइव्ह लावून ते कसं करायचं ते शिकवलं. ते लग्न मोडल्याची गोष्ट तोवर निम्म्या हुबळीला माहीत होती, हे मला नंतर भाजीवालीकडून कळलं. तेवढं मात्र मी फाइलमध्ये लिहिलं नाही.

एकदा चिकटला की संशय सगळीकडे दिसायला लागतो. अक्का सगळ्यांच्या आधी अर्धा तास शेडवर येतात. मी लिहिलं, एकट्या काय करतात? त्या अमरगोळला राहतात, मुलगा मार्केट यार्डात कामाला जाताना त्यांना आधी इथे सोडून जातो, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. अक्का बातमीपत्राचं कन्नड पान घेतात आणि मराठीही मागून घेतात, आणि ओळींवर बोट ठेवून वाचत बसतात. मी लिहिलं, हिला दोन-दोन कशाला हवीत? आणि एक ओळ तर अशी होती, की आज ती सांगतानाही माझी जीभ जड होते. नवरा गेल्यापासून घरात दिवसदिवस माझ्याशी कुणी बोलत नाही, असं अक्का एकदा मला म्हणाल्या होत्या. इतर कुणाला नाही, मला. मी लिहिलं होतं, हिच्याशी घरात कुणी बोलत नाही, म्हणून ही दुसऱ्यांच्या घरात डोकावते.

आणि ते मशीन आता अक्कांच्या टेबलावर होतं.

फोन करावा असं शंभरदा मनात आलं. पण सांगणार काय? उघडू नका म्हटलं की माणूस आधी तेच उघडतो. शनिवारी सकाळी मी नवऱ्याला उप्पीट झाकून ठेवलंय म्हणून सांगितलं आणि धारवाडहून हुबळीची एसी चिगरी बस पकडली. खिडकी मिळाली, बसमध्ये गारवा होता, तरी मला घाम फुटलेला. वाटेत नवनगर आलं तेव्हा माझ्या डोक्यात एक लख्ख प्रकाश पडला. गेली दोन वर्षं मी म्हणत आले की अक्का लोकांच्या डिस्का वाचतात. ते जर खरं असेल, तर मी मेले. आणि मी जर पहिल्यापासून चुकत असेन, बाई सरळ असेल, न बघता पुसत असेल, तर मी वाचले. जन्मात पहिल्यांदा मी हात जोडून म्हटलं, देवा, माझा संशय खोटा ठरू दे. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

शेडवर अक्का होत्या, सर होते, बाकी अजून कुणी नव्हतं. माझं मशीन तपासायच्या फळीवर ठेवलेलं. मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही, आधी चिठ्ठी बघितली. पुसणाऱ्याच्या जागी अक्कांची कन्नड सही, गुरुवारची. तपासणाऱ्याची जागा रिकामी, ती माझी. मी मॉनिटर जोडला, पेनड्राइव्ह लावला आणि शिकवलं होतं तसं सगळं करून बघितलं. डिस्क स्वच्छ. एक अक्षर नाही. माझी ती फाइल नाही, नवऱ्याचा पत्त्यांचा खेळ नाही, काही नाही. मी हुश्श केलं आणि खुर्चीत टेकले.

पण हुश्श किती वेळ टिकणार? पुसलं हे खरं. पुसण्याआधी काय? त्याची सही कुठल्याही चिठ्ठीवर नसते.

मग मी अक्कांवर नजर ठेवली. त्यांनी नेहमीसारखी "या बाई" म्हणून हाक मारली. फार नेहमीसारखी वाटली मला ती. चहा दिला, तोही कप काठोकाठ भरून. रोज एवढा देत नाहीत. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणलं होतं, त्यातलं पहिलं वाढून मला दिलं. का? माझ्याशी कमी बोलल्या तेव्हा वाटलं, वाचलंय. जास्त बोलल्या तेव्हा वाटलं, वाचलंय आणि लपवतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. सर पुढच्या बातमीपत्राबद्दल काहीतरी विचारत होते, मी हो हो म्हणत होते. कशाला हो म्हटलं ते देव जाणे.

शेवटी मला राहवेना. मी अक्कांच्या टेबलाशी गेले आणि चक्क खोटं बोलले. म्हटलं, माझ्या मशीनमध्ये नातीचे फोटो होते, तुम्ही पुसायच्या आधी कुठे काढून ठेवले नाहीत ना? अक्कांनी हातातलं काम थांबवलं नाही. फोटो काही दिसले नाहीत, म्हणाल्या. एवढंच. मी परत येऊन माझ्या मशीनच्या चिठ्ठीवर सही केली आणि बसून राहिले. फोटो दिसले नाहीत म्हणजे काय? बघितलंच नाही, की बघितलं आणि त्यात फोटो नव्हते?

दोनच्या सुमाराला एका दवाखान्यातून पाच मशीनं आली. सर ती आणणाऱ्या टेम्पोवाल्याशी बाहेर बोलत होते. अक्कांनी पहिलं मशीन टेबलावर घेतलं, वायर लावली आणि मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून आपल्या शेजारी आणलं. पदराने त्यावरची धूळ पुसली.

"बाई, इथं बसा की," म्हणाल्या.

मी म्हटलं, कशाला?

"तुमच्या डोळ्यांदेखत पुसते. म्हणजे मग तुम्हाला घरी जाऊन लिहीत बसायला नको."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी भांडले असते, मला भांडता येतं. मी तिथेच उभी राहिले. कसंबसं म्हटलं, "तुम्ही वाचलंत."

अक्का म्हणाल्या, गुरुवारी तुमचे मालक देऊन गेले, लावून बघितलं तर समोरच फाइल. "बातमी एवढं दिसलं. मला वाटलं, पुढच्या महिन्याचं बातमीपत्र असेल. तुम्ही गावाला, यांना माहीत नाही, तुमची एवढी मेहनत वाया जायला नको. म्हणून उघडलं. काढून ठेवणार होते तुमच्यासाठी." मग जरा थांबून म्हणाल्या, "दोन वर्षांत ते एकच उघडलं, बाई."

त्या मराठी कशा वाचतात ते मी बघितलेलं आहे. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, अडलं की ओठांनी पुन्हा म्हणून बघत. माझ्यासारखीने भरभर वाचलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. अक्कांनी ती ओळ तशी वाचली असणार, एकेक शब्द बोटाखाली घेत. घरात कुणी बोलत नाही. म्हणून ही. मला इतकी लाज वाटली की जमीन फाटेल तर बरं. मला माफ करा असं म्हणायचं होतं, पण पस्तीस वर्षं मी पोरांना माफी मागायला लावली, स्वतः मागायची सवयच नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, की मी ते सगळं खरं समजून लिहिलं नव्हतं. जे लिहिलं ते खरं समजूनच लिहिलं होतं, हे दोघींनाही कळत होतं.

"बसा," अक्का म्हणाल्या.

मी बसले. मशीन चालू झालं. दवाखान्याच्या डॉक्टरांचं काय काय समोर आलं, अक्कांनी त्याकडे न बघता पुसायची आज्ञा दिली आणि पडद्यावर आकडे हळूहळू पुढे सरकायला लागले. माझे डोळे भरून आले होते. आणि तशी बसलेली असताना, त्या बाईच्या इतक्या जवळ की तिच्या पदराला लागलेल्या फोडणीचा वास येत होता, माझ्या मनात काय यावं? एकच उघडलं कशावरून?

मी मान खाली घातली, पण उशीर झाला होता. अक्का माझ्याकडेच बघत होत्या. हात लांब करून त्यांनी मॉनिटर माझ्या बाजूला आणखी थोडा वळवला.