सोमवारचं टिपिकल

"आधी माका घराभायर काढा, मगे त्या चुलीवर मासो चढवा!" काका ओरडले. आवाज आमच्या पडवीत निघाला आणि खाडीपलीकडे होडी बांधणाऱ्याने तिथूनच "काय झाला?" म्हणून विचारलं, असं मी ऐकून आहे. ऐकून म्हणजे, मीच सांगत असतो.

माझ्या चुलतबहिणीने पुण्यात आपल्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. त्याची आई तासाभरात आमच्याकडे आचऱ्याला पोचणार होती, पहिल्यांदाच. फोनवर ती म्हणाली होती, उगाच घाट घालू नका, आपलं टिपिकल मालवणी जेवण चालेल. आणि वार निघाला सोमवार. आमच्या घरात सोमवारी मासळी उंबरठा ओलांडत नाही. मांजरसुद्धा तो दिवस दुधावर काढते.

मी मुंबईत राहून आलेला, म्हणून 'टिपिकल' या शब्दाचा निवाडा माझ्याकडे. घसा खाकरून सांगितलं, एक पाहिलं की त्या जातीचं सगळं पाहिल्यासारखं वाटतं, ते टिपिकल.

"मगे झाला," काका म्हणाले. "सोमवारी हयसर जा शिजता, ताच टिपिकल."

काकीने पदर खोचला. "तुमच्या सोमवाराक कोण इचारता? मालवण म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर मासोच येतलो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून मी पाणी प्यायला आत सटकलो.

आत बहीण ओट्याला टेकून उभी. चेहरा पांढराफटक. "दादा, तेची आवस रागावली तर बोलणा नाय, नुसती हसता. मोठ्या मुलासाठी बघलेल्या स्थळाकडे जेवाण होयसर हसत होती. थयच संपला ता."

तोवर काकी सकाळी आणून परसात झाकून ठेवलेली सुरमई पदराखाली घेऊन गेली आणि कुंपणाच्या दगडी गडग्यावरून शेजारणीच्या हातात देऊन आली. शेजारणीला सोमवार नाही. बेत असा की पाहुणीला शेजारचं घर दाखवायच्या निमित्ताने मी तिकडे न्यायचं आणि तिथेच पान मांडायचं.

पण बाई गाडीतून उतरल्या आणि काकांनी त्यांना थेट पानावरच बसवलं. घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी. पहिला घास उचलायच्या आत गडग्यापलीकडून तळलेल्या सुरमईचा वास असा घुसला की भिंतीवरचे आमचे पूर्वज फोटोत जरा पुढे झुकले. काकांच्या नाकपुड्या फुगल्या. काकी कौलं मोजू लागली. बाईंनी वास घेतला, पानाकडे पाहिलं.

आणि त्या हसल्या.

बहिणीच्या हातातला डाव हवेत थांबला. आमटीचा थेंब तिच्या पायावर पडला, तरी ती हलली नाही.

शेवटी काकीलाच राहवलं नाही. तहसीलदाराशी बोलावं तसल्या शुद्ध भाषेत तिने सोमवार, गडगा, सुरमई, सगळं सांगून टाकलं. मग विचारलं, "तुम्ही टिपिकल म्हणालात. तुमच्या मनात नेमकं काय होतं?"

बाईंनी घावणा आमटीत बुडवला.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "सवय आहे म्हणायची. आमटी वाढा थोडी."