शेंदूर लागलेलं बेअरिंग

डोळे मिटले की ते चाक अजून दिसतं. भैरवगढच्या उतारावरून एकटंच, सावकाश, शिप्रेकडे निघालेलं. मागे पिकअप आडवी पडलेली आणि छापील कापडाचे तागे रस्ताभर उलगडलेले, लाल, निळे. वाटावं, नदीच वर चढून आलीय.

मी चौथी शिकलेला. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, एएसआय होऊन निवृत्त झालो. कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

बेअरिंग जाम होऊन निखळलेल्या त्या चाकानं एका फुलवालीचा पाय मोडला. ड्रायव्हर भैरवगढच्या कापड-छापखान्याचा, मुसलमान माणूस. हवालातीत बसून एकच सांगे, "साब, बेयरिंग अभी-अभी नया डलवाया था."

टीआय साहेब, आमचे ठाणेदार, म्हणाले, "दादा, सब यही बोलते हैं. चालान बनाओ."

चालान, म्हणजे दोषारोपपत्र, कोर्टात गेलं की लायसन्स जाणार, आणि त्याचं घर त्या स्टिअरिंगवरच चाललेलं. मी म्हटलं, "साहेब, उद्यापर्यंत थांबा." मी अडलो की अडलो.

देवास गेटला माझा मुखबिर, खबऱ्या, चहा विकायचा. ड्रायव्हरनं बेअरिंग घेतलं त्या दुकानाचं नाव त्याला सांगितलं. कप पुढे करत तो पुटपुटला, "दादा, वहाँ डिब्बा नया रहता है, माल नहीं."

जप्तीतलं बेअरिंग घेऊन मी थान्याच्या ओट्यावर उन्हात बसलो. राम घाटाकडून घंटा ऐकू येत होती, तंद्री लागल्यागत झालं होतं. दोन पंचांसमोर रबरी सील उचकटलं, नवं ग्रीस बोटानं सारलं. खाली, कडेच्या खाचेत, शेंदूर.

आपल्याकडे नवा पार्ट बसवण्याआधी त्याला टिळा लावतात. कुणीतरी यालाही लावला होता, हात जोडले होते. कोण जाणे कुठल्या गाडीसाठी.

दुकानदाराला बोलावलं. तो ऐटीत म्हणाला, "कंपनी का सीलबंद माल है."

"मग कंपनी पूजा करून पॅक करते काय?"

"इसी ड्रायव्हर ने लगाया होगा. नहीं तो मिस्त्री ने."

हवालातीतून आवाज आला, "सेठजी, मैं कब से सिंदूर लगाने लगा?"

"आणि मिस्त्रीनं लावला असता तर वर राहिला असता," मी म्हटलं. "हा ग्रीसखाली आहे, सीलच्या आत."

मी दुकानाची झडती घेतली. मागे डिझेलच्या टिपाडात भंगारातली बेअरिंगं भिजत होती, शेजारी कोऱ्या डब्यांची थप्पी. जुनी धुऊन, नवं ग्रीस-सील लावून तो नवी म्हणून विकत होता. गुन्हा त्याच्यावर लागला. ड्रायव्हर सुटला, पण फुलवाली पुढे लंगडतच राहिली. तिचा पाय काही मला परत आणता आला नाही.

माणूस काय न् पार्ट काय, वरच्या चकाकीवर मी तेव्हापासून जात नाही. मुलाच्या पिकअपसाठी बेअरिंग घ्यायचं तर दुकानात डबा उघडायला लावतो. डगडग नाही ना बघतो, कानाशी धरून फिरवतो. खरखर आली की परत. दुकानदार हसतात, हसू देत.

परवा तोच ड्रायव्हर दुकानात भेटला, त्यालाही बेअरिंगच हवं होतं. म्हणाला, "दादा, अब तो टीका भी लगा दूँ?"

"लाव," म्हटलं. "आधी ऐक."

त्यानं ते फिरवून कानाशी धरलं आणि डोळे मिटले.