माप बरोबर हाय

दुपारचे साडेतीन. श्रावणातला सोमवार. जागा, कोल्हापूरच्या कोर्टाच्या आवारातलं इनामदार नोटरींचं टेबल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळा वाद झाला तो वारावरूनच.

तीस वर्षं बातमीदारी केली. छापलं ते रद्दीत गेलं. 'पुरावा काय?' म्हणून संपादकांनी कापलं ते माझ्याकडे साचलं. त्यातले निम्मे किस्से सत्तरच्या दशकातल्या त्या एका टेबलाचे!

टेबलाशेजारी हुसेनचाचांचं शिलाई मशीन असायचं. सही करणारा माणूस तोच आहे, असं सांगणारा ओळखीचा साक्षीदार नोटरीला लागतो. इतर टेबलांवर कुणीही 'ओळखतो की' म्हणून सही ठोकायचा. लाज नाही, शरम नाही! आमचे चाचा मात्र टेप काढायचे. अर्ध्या जिल्ह्याचे कपडे त्यांनी शिवलेले आणि मापं वहीत लिहिलेली.

"तोंड फसवतंय साहेब," ते म्हणायचे, "खांदा फसवत न्हाई."

*

आजऱ्याचा एक जण पोरगा दत्तक द्यायला आला. "मी पोराचा बाप." चाचांनी हात मोजला आणि टेप गळ्यात टाकली.

"बापाचा डावा हात पाऊण इंच आखूड हाय. ह्यो चुलता!"

चुलता पळाला, चपला तिथंच टाकून. कोल्हापुरात चपला सोडून पळालेला माणूस मी एवढा एकच बघितला.

*

एका वकिलानं हरकत घेतली. "कायद्यात टेप कुठं आहे?"

इनामदार शिक्क्यावर शाई चोळत म्हणाले, "डोळे तरी कुठं आहेत?"

*

पन्हाळ्याकडची एक बाई बहिणीची मुलगी दत्तक घेत होती. पोरगी सहा वर्षांची, कोल्हापूर पहिल्यांदाच बघत होती. चाचांनी कौतुकानं फ्रॉकचं माप घेतलं आणि थांबले. जुनी वही काढली.

"हिचं माप माझ्याकडं हाय की!"

माप सापडलं. छाती, कंबर, उंची, दोरा इकडचा तिकडं नाही. पण ते बारा वर्षांपूर्वीचं, त्याच बाईच्या वारलेल्या मुलीचं. बाईनं पोरीला जवळ ओढलं.

"योगायोग," इनामदार म्हणाले.

"असंल की," म्हणत चाचांनी वही मिटली. त्या पोरीचा फ्रॉक मात्र त्यांनी शिवला नाही.

*

आता माझा किस्सा.

माझी बहीण गेली. तिची आठ वर्षांची अलका आमच्याकडे वाढत होती. आम्हाला मूल नव्हतं, तिला दत्तक घ्यायचं ठरलं. दाजी, म्हणजे तिचे वडील, गगनबावड्याला असायचे, आजारी. त्यांच्या भावांना पोरगी शाळेतून काढून गुरांमागं हवी होती. दाजींची सही झाली तर ती आमची, नाहीतर भाऊ तिला उचलून नेणार. दाजींनी कळवलं होतं, "सोमवारी येतो."

घाटाकडे दरड कोसळली. तीन दिवसांपासून एसटी बंद, टपाल बंद. तरी सोमवारी साडेतीनला दाजी टेबलापुढं उभे!

"कसं आलासा?" मी विचारलं.

"आलो की, पावणं."

अलका "बाबा!" म्हणून बिलगली. चाचांनी खांदा मोजला, हात मोजला. छातीभोवती टेप धरली ती बराच वेळ तशीच. मग ओळखीची सही केली. दाजींनी सही केली. अलकाचा हात माझ्या बायकोच्या हातात दिला.

"वैनी, हिला वांगं आवडत न्हाई."

आणि गर्दीत गेले.

आठव्या दिवशी रस्ता सुरू झाला आणि दाजींचा थोरला भाऊ मृत्यूच्या नोंदीचा दाखला नाचवत आला. दाजी शनिवारी वारले होते. शनिवारी!

"मेल्यालं माणूस सही करतंय व्हय? पोरगी काढा भाईर!"

"तुमच्या नोंदीत वार चुकलाय!" मी ओरडलो.

"अग्नी मी दिलाय!"

भांडत टेबलापाशी गेलो. इनामदारांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. भाऊ सहीवर वाकला. भावाचं अक्षर त्यानं ओळखलं. मग टोपी घालून निघून गेला. पोरीसाठी पुन्हा कधी आला नाही.

मी गगनबावड्याच्या कचेरीत जाऊन भांडलो. "नोंद बरोबर आहे." नोटरीकडे भांडलो. "नोंद बरोबर आहे." शेवटी चाचांवर उखडलो.

"ओळख कुणाची दिलीत?"

"त्येचीच. माप बरोबर हाय."

"मग टेप धरून थांबलात कशाला?"

चाचांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"छाती मोजताना टेप हलतीया साहेब, श्वासानं. त्येची हलली न्हाई."

"आणि तरी सही केलीत?"

"ओळख मागितली हुती की. जित्ता हाय का, असं कुणी इचारलं?"

अलका आमच्याकडेच वाढली. दोन्ही नोंदींवर सरकारी शिक्का आहे, आणि दोन्ही आजही कायम आहेत.